झेंत्सुजीच्या उदोनवाल्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

जपानातल्या झेंत्सुजी देवळाच्या बाजूच्या गल्लीतलं तुमचं उदोनचं, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांचं दुकान, आणि दुपारी उशिरा आलेल्या आम्ही मायलेकी. आठवेल बहुधा, कारण माझ्या आईच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे तुम्ही टक लावून पाहत होतात.

आई माळकरी. लग्नाआधीपासून मासा-मटणाला तिने हात लावलेला नाही. सहल कंपनीला हे आम्ही बजावून सांगितलं होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं, "काळजी नको, सगळं प्युअर व्हेज!" ती सहल ओसाकात संपली आणि आम्ही दोघीच सेतो समुद्रावरच्या पुलावरून शिकोकू बेटावर आलो. बौद्ध संत कोबो दाइशींचं जन्मस्थान आणि तिथल्या ८८ मंदिरांच्या यात्रेतलं ७५वं मंदिर असलेलं झेंत्सुजी आईला पाहायचं होतं. पांढऱ्या कपड्यांतले, काठी टेकत चाललेले यात्रेकरू दिसले आणि तिला वारीच भेटल्यासारखं झालं. पाय दुखायचे थांबले म्हणाली.

तुम्ही वाफाळता वाडगा पुढे ठेवलात. मी सवयीने फोनवरचं वाक्य दाखवलं, आम्ही मांस-मासे खात नाही. आईने तोवर काड्या उचलल्या होत्या. तुम्ही पटकन वाडग्यावर आडवा हात धरलात. तेवढ्या वाफेवर! मग आत जाऊन मूठभर सुके बारीक मासे आणलेत आणि आईसमोर तळहात उघडलात. रस्सा त्याचाच होता.

गप्प बसला असतात तर आम्हाला कळलं नसतं. गिऱ्हाईक खूश, पैसे गल्ल्यात. सहलीतल्या माणसांनी तेच तर केलं. आईने विचारलं, "मग हॉटेलात रोज सकाळी देत होते ते सूप?" मी काय सांगणार! मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सूपमध्येही बहुतेक वेळा माशाचंच पाणी असतं. टूर मॅनेजर दरवर्षी जपानला जातो, त्याला हे ठाऊक नसेल? जपानात ६७५ साली सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली, तेव्हाही मासा त्यातून सुटला होता. आजही 'मांस नको' म्हटलं की मासा आरामात ताटात येतो. हे प्रवाशांना सांगायला कितीसा वेळ लागतो?

तुम्ही मात्र वेगळ्या पातेल्यात पाणी उकळलंत, नवे उदोन शिजवून गार पाण्यातून काढलेत. वर किसलेला मुळा, आलं, लिंबू. सोया सॉसची बाटलीसुद्धा लेबल वाचायला माझ्या हातात दिलीत. आईचे डोळे भरले होते, तरी वाडगा तिने पुसून संपवला. पैसे तुम्ही नेहमीच्या उदोनचेच घेतलेत, हेही तिला फार आवडलं. उपकार केल्याचा भाव चेहऱ्यावर कुठेच नव्हता. अशी माणसं कुठल्याही मुलखात भेटतात म्हणा, पण वेळेवर भेटावी लागतात.

निघताना आईने तिळाचे लाडू दिले, तेव्हा तुम्ही पुडी उलटसुलट करून पाहिलीत. आई मराठीतच म्हणाली, "अहो, मासा नाही त्यात!" आणि तुम्ही दोघी हसत सुटलात. काय कळलं तुम्हाला, देव जाणे.

घरी आल्यावर आईने त्या सुपापायी उपास केले, पण तुमचं कौतुक सगळ्या भजनी मंडळाला ऐकवून झालंय. मंडळातल्या बायका आता शिकोकूला यायचं म्हणताहेत. तुमचा पत्ता देऊन ठेवलाय. बहुतेक सगळ्या माळकरी आहेत, तेव्हा आलं जरा जास्तच किसून ठेवा.

तुमची,
त्या माळवाल्या आजींची मुलगी