केशराच्या कॅप्सूलआधी डॉक्टरांना विचारा

माझ्या मावशीने मोबाइलवरची जाहिरात पाहून नैराश्यावरची गोळी परस्पर बंद केली आणि केशर अर्काच्या कॅप्सूल सुरू केल्या. तीन आठवड्यांत तिची झोप उडाली, जेवणावरची वासना गेली.

केशरात गुण नाही, असे मी म्हणत नाही. इराणमधल्या चाचण्यांत रोज ३० मिलिग्रॅम अर्काने सौम्य ते मध्यम नैराश्यात फरक दिसला. पण त्या लहान होत्या, ६ ते ८ आठवड्यांच्या. तेवढ्यावर चालू औषध कसे सोडायचे? एक ग्रॅम केशराला काश्मीरमधल्या पांपोरच्या शेतातली दीडशेच्या आसपास फुले खुडावी लागतात, म्हणूनच ते महाग असते. मावशीच्या स्वस्त डबीवर अर्काचे प्रमाणच छापलेले नव्हते. अन्न व औषध प्रशासनाने अशा डब्या तपासाव्यात. मावशीची गोळी आता पुन्हा सुरू आहे.

– एक वाचक, सांगली