शुगरच्या रांगेत खोकल्याचीही विचारपूस व्हावी

महोदय,

लालबागला माझं शिलाईचं छोटं दुकान आहे. धाकट्या भावाच्या पँटींची कंबर मीच उसवून वाढवून देते. दहा वर्षांत ती ३१ इंचांवरून ३७ वर गेली, हातपाय मात्र होते तसेच काटकुळे. ‘हा कुठं जाडा?’ असंच आम्ही म्हणत राहिलो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर याच अंगकाठीचा अभ्यास केला. २००४ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला होता. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन अगदी सारखं, पण इंग्रजाच्या अंगात ९ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या अंगात २१! म्हणूनच मधुमेह टाळायला आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी असं डॉक्टर सांगतात. म्हणजे साडेपस्तीस इंच. ज्या टेपने मी रोज मापं घेते, त्याच टेपवर हा आकडा आहे आणि मला तो माहीत नव्हता.

भाऊ सहा वर्षं शुगरच्या गोळ्या आणायला दवाखान्यात जातोय. त्याची कंबर तिथे कुणी मोजली नाही. गेल्या वर्षी दोन महिने खोकला होता, तोही कुणी विचारला नाही. मधुमेह असला की टीबीचा धोका दोन ते तीन पट होतो. टीबीच्या रुग्णाची शुगर तपासा आणि शुगरच्या रुग्णाला खोकला विचारा, असं सरकारचं धोरण २०१७ पासून आहे. पहिलं होताना दिसतं. दुसरं निदान आमच्या वाट्याला तरी आलं नाही.

टीबी निघाला, औषधं सुरू झाली आणि महिन्याभरात डोळे पिवळे झाले. लिव्हरवर आधीच चरबी होती. गोळ्या थांबवल्या, मग एकेक करून पुन्हा दिल्या. टीबीचा एक केसपेपर, शुगरचा दुसरा, लिव्हरचा तिसरा. टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे शुगरच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो, हे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले तेव्हा आम्हाला कळलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

हाफकिन या शास्त्रज्ञाने १८९७ साली प्लेगची लस याच मुंबईत आधी स्वतःला टोचून घेतली होती. या शहरात संशोधकांची वाण नाही. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे, हे तिन्ही आजार एकाच अंगात असलेल्या माणसांचा अभ्यास करा, अशी माणसं इथल्या चाळीचाळीत आहेत. आणि महापालिकेने शुगर तपासतात त्या टेबलावर एक टेप ठेवावा, खोकल्याचा एक प्रश्न ठेवावा, तिन्ही आजारांना एकच फाइल द्यावी.

भावाचा टीबीचा कोर्स गेल्या महिन्यात पूर्ण झाला. शुगर आणि लिव्हरचे दोन केसपेपर घेऊन तो अजून दोन वेगळ्या रांगांत उभा राहतो.

— एक वाचक, लालबाग, मुंबई