मशीन आधी परत दे, हिशोब मग

कुवेत, शुक्रवार

ती. दादास,
प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

मी इकडे सुखरूप आहे. आत्ताच उपासनेहून खोलीवर आलो. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून आपला रविवार शुक्रवारीच येतो. एकाच आवारात मल्याळी, तेलुगू, अरबी, फिलिपिनो अशा मंडळ्या शेजारी शेजारी भरतात आणि एकाच्या प्रार्थनेत दुसऱ्याचं गाणं शिरतं. आम्ही मराठी पाच-सात जण आहोत, पण आवाजात कमी पडत नाही.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण मी तोंड उघडलं की तू ‘तिकडं बसून तुला काय कळतंय’ म्हणणार आणि फोन ठेवणार. म्हणून कागदावर लिहितो आणि त्याचा फोटो पाठवतो. घरच्या ग्रुपवर टाकू नको. फोटो कुठून कुठं जातात ते तुला माहीत आहे, म्हणून गड्याचं नावही लिहीत नाही.

वहिनींनी परवा सांगितलं की त्याच्या बायकोची शिलाई मशीन तू उचलून आणलीस आणि ती आपल्या ओसरीत पोत्याखाली झाकून ठेवली आहे. वहिनींवर रागावू नको. त्यांनी चुगली केली नाही, त्यांना ती मशीन येता-जाता दिसते आणि खटकते, एवढंच.

आधी तुझ्या बाजूचं बोलतो. तुझा राग खोटा नाही. सप्टेंबरात पावसाने सोयाबीन उभं कुजवलं, कापसाची बोंडं काळी पडली, आणि नेमकं मोसंबीला माणूस पाहिजे तेव्हा हा मुकादमाकडून उचल घेऊन बायकोसकट ऊसतोडीला निघून गेला. एक शब्द बोलला नाही. तू रोजंदारीची माणसं धुंडत फिरलास, फळगळ झाली, फवारणी चुकली. वर्षभराच्या कामाचं साल धरलेल्या माणसाने असं मधेच जायला नको होतं. त्याने चूक केली, हे मी त्याच्या तोंडावरही म्हणेन.

पण मशीन घरात जाऊन आणायची नव्हती, दादा.

अनुवादाच्या पुस्तकाचा चोविसावा अध्याय काढ. बाबांच्या जुन्या बायबलात त्या पानावर डाग आहे, लगेच सापडेल. तिथे म्हटलंय की कुणाचं जातं गहाण घेऊ नये, जात्याची वरची तळीसुद्धा नाही, कारण ते त्याचा जीवच गहाण घेण्यासारखं आहे. मशीनवर ती बाई ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते. घरात रोजचं पीठ-मीठ त्यावर येतं. मग जातं आणि मशीन यांत फरक काय? तिथेच चार ओळी खाली आणखी एक गोष्ट आहे, मला ती फार आवडते. उसनं दिलेल्याने गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरायचं नाही. बाहेर उभं राहायचं आणि त्यानेच वस्तू बाहेर आणून द्यायची. म्हणजे देणं आहे हे देव मान्य करतो. गहाण घ्यायलाही सरसकट ना म्हणत नाही. पण कर्जदार झाला तरी त्याच्या घराचा उंबरा त्याचाच राहतो. इतकं बारीक बघणारा देव आपला आहे, आणि आपण त्याला फक्त पाऊस मागतो.

तू म्हणशील हे जुन्या करारातलं झालं, आता आपण कृपेखाली आहोत. मग तर आणखीच.

मी इथे टाइमकीपर आहे. कोण किती वाजता आला, किती तास ओव्हरटाइम झाला, कुणाचा खाडा, हेच दिवसभर लिहितो. तेव्हा तुझा हिशोबही माझ्या सवयीने मांडला. साल ठरलं होतं १,२०,००० रुपयांना. पाडव्याला उचल दिली ६०,०००. आषाढात पोरीच्या बाळंतपणाला आणखी २०,०००. झाले ८०,०००. हे सगळे घेऊन तो पळाला, असं तू सगळ्यांना सांगतोस. आता दुसरी बाजू लिही. पाडव्यापासून दिवाळीपर्यंत सात महिने तो बागेत राबला. महिन्याचे १०,००० धरले तर ७०,००० रुपयांचं काम झालं. वहिनी म्हणतात खाडे दहा-बारा असतील. बारा धर आणि त्याचे ४,००० काप. मग त्याच्याकडे बाकी निघते १४,००० रुपये, ऐंशी हजार नाही. पोराबाळांच्या घरात हीसुद्धा मोठी रक्कम आहे, मी कमी म्हणत नाही. पण ऐंशी नाही.

साल मोडलं की केलेलं काम धरत नाहीत, ही गावची रीत मला माहीत आहे. ती रीत मालकांनी घातलेली आहे. आपले आजोबा साल धरत होते तेव्हाही हीच रीत होती, आणि तेव्हा आपल्या घरात तिला कुणी न्याय म्हणत नव्हतं. बाबा सांगतात ते तू माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकलंयस. बहात्तरच्या दुष्काळात आजोबा मालकाचं काम सोडून खडी फोडायला दुष्काळी कामावर गेले, कारण तिथे रोज मिळत होता आणि पोरांना सुकडी मिळत होती. मालकाच्या माणसाने घरातून परात उचलून नेली. आजी मग ताटलीत पीठ मळायची. परात परत आलीच नाही. आज आपल्याकडे बाग आहे, साल धरायला माणूस आपल्याकडे येतो. त्याच चोविसाव्या अध्यायात देव दोनदा म्हणतो, तू मिसर देशात दास होतास हे लक्षात ठेव. एकदा सांगून माणूस विसरतो हे त्याला ठाऊक होतं.

(मिसरावरून आठवलं. आमचा फोरमन मिसरी, म्हणजे इजिप्तचा आहे. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसूच आलं, निर्गमाच्या पुस्तकातले, इस्राएलांना राबवणारे मिसरी मुकादम डोळ्यांसमोर आले. पण माणूस सरळ आहे. इथे १ जून ते ३१ ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. ठेकेदार म्हणतो एवढा स्लॅब होऊ द्या. हा मात्र पावणेअकराला शिट्टी मारून माणसं सावलीत घेतो. तो मुसलमान आहे. न्यायाने वागायला त्याला आपल्या उपदेशाची गरज पडली नाही, हे मी मंडळीत बोललो तर दोघा-तिघांना आवडलं नाही.)

वस्तू अडकून पडणं म्हणजे काय ते मी इथे शिकलो. मालकाने कामगाराचा पासपोर्ट ठेवून घ्यायचा नाही असा इथला कायदा आहे. तरी आधीच्या कंपनीत आमचे सगळ्यांचे पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात होते. मामा गेले तेव्हा मी चार माणसांच्या मागे फिरलो, पासपोर्ट हातात आला तोवर माती होऊन गेली होती. कुणी मला मारलं नाही, शिवी दिली नाही, पगारही बुडवला नाही. नुसतं एक पुस्तक कुलपात होतं. त्या बाईला पोत्याखालची मशीन आठवत असेल तेव्हा तिला काय वाटत असेल, ते मला कुणी सांगायला नको.

दया करावी की न्याय, असं तू मागे एकदा मला विचारलं होतंस, गावातल्या दुसऱ्याच कुणाच्या भांडणावरून. तेव्हा मी काहीतरी मोघम बोललो होतो. आता मला असं दिसतं की आपण ज्याला दया म्हणून मिरवतो त्यातलं बरंचसं नुसतं देणं असतं. सात महिन्यांचं काम मोजणं ही दया नाही. मशीन परत करणं हीसुद्धा दया नाही. ते होईपर्यंत दयेची गोष्टच निघत नाही. ती निघते त्या १४,००० रुपयांपाशी.

आणि तिथे मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला तो चाकर उभा आहे. राजाचं दहा हजार तालांताचं देणं माफ झालं आणि बाहेर येऊन त्याने सोबत्याचा गळा धरला, शंभर दीनारांसाठी. एक दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, आणि एका तालांताचे साधारण सहा हजार दीनार. मी रजिस्टरच्या मागच्या पानावर गुणाकार केला. सहा कोटी दिवसांची मजुरी! वर्षाला तीनशे दिवस भरले तरी दोन लाख वर्षं. कुठल्या राजाने चाकराला एवढं उसनं दिलं असेल, देव जाणे. पण मला जास्त विचार करायला लावलं ते दुसऱ्या आकड्याने. शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, तीन-साडेतीन महिन्यांची कमाई. प्रभूने ती क्षुल्लक दाखवली नाही. सोबत्याचं देणं खरं होतं, मोठं होतं, आणि चाकराला ते मागायचा हक्क होता. म्हणूनच ती गोष्ट टोचते. तुझे १४,००० खरे आहेत. ते खरे आहेत म्हणूनच तुला काही सोडता येईल. जे नव्हतंच ते सोडून कोण मोठा होतो?

वधस्तंभाकडे बघताना मला हेच दिसतं. ‘जाऊ दे, तुझी काही बाकी नाही,’ असं देवाने आपल्याला म्हटलं नाही. बाकी आहे असं स्पष्ट म्हटलं, आणि स्वतः भरली. आता उपासाचे दिवस चालू आहेत. तू दरवर्षी चाळीस दिवस एक वेळ जेवतोस, माय फोनवर कौतुकाने सांगते. यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय तू मंडळीत कितीदा वाचला आहेस. त्यात देव उपास करणाऱ्यांनाच धरतो, की उपासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या कामकऱ्यांना पिळता. यावर मी आणखी काही लिहीत नाही. मी धाकटा आहे.

बेथेल आठव. लहानपणी बाबा आपल्याला जालन्याला घेऊन जायचे तेव्हा नारायण शेषाद्रींचं सांगायचे. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण, जातीने टाकलेला. निजामाच्या मुलुखात आला आणि ज्यांची सावली लोक टाळत होते त्यांच्यासाठी त्याने जालन्याजवळ गाव वसवलं, तेच बेथेल. नुसती वचनं सांगून पुढच्या गावी गेला असता तरी लोकांनी त्याला मोठाच म्हटलं असतं. आपल्यासारखी घरं त्याच्यासारख्यांच्या मागून उभी राहिली. आता आपल्या ओसरीत दुसऱ्या घराची मशीन झाकून ठेवलेली असेल, तर गावाने आपल्यात आणि त्या परातवाल्या मालकात फरक कसा ओळखावा? गळ्यातल्या क्रूसावरून?

आता काय करायचं ते सांगतो, पटलं तर कर. पाडवा जवळ आला आहे, त्याच्या आत कर. मशीन आधी पोचव, कसलीही अट न घालता. तू जाऊ नको, वहिनींना पाठव, सोबत पोराला दे. बाईच्या हातात बाईने दिलेली बरी. मग दोन दिवसांनी त्याला बोलाव आणि कागद-पेन घेऊन बस. पंच नको, पाळकसाहेबही नकोत. पाळकसाहेब आले की प्रार्थना होईल, सगळे रडतील आणि हिशोब तसाच राहील. त्याच्यासमोर आकडे लिही आणि त्याचंही ऐक. खाडे तो कमी सांगेल, तू जास्त सांगशील, मधे कुठेतरी जमेल. जी बाकी निघेल ती त्याच्या तोंडून कबूल होऊ दे. त्यानंतर ती सोडायची, अर्धी सोडायची की हप्त्याने घ्यायची, ते तू ठरव. मी त्यात पडणार नाही.

वहिनी म्हणाल्या, तुम्हीच चौदा हजार पाठवा म्हणजे घरात शांतता होईल. मी नाही पाठवणार. पाठवायला जड नाही, पण मग दया माझी होईल आणि तू फक्त वसूल करणारा राहशील. ते मला नको.

आणि एक. माफ केलं म्हणजे त्याला पुन्हा साल द्यायलाच पाहिजे असं नाही. तुला भरवसा वाटत नसेल तर दुसरा माणूस बघ, त्यात पाप नाही. त्याला तोंडावर सरळ सांग, आणि गावात त्याच्याबद्दल ‘ऐंशी हजार बुडवले’ म्हणतोस ते थांबव. दुसरा मालक त्याला काम देताना हेच ऐकतो.

बाकी ठीक. मायच्या गुडघ्याचं औषध संपायच्या आधी सांग, येणाऱ्या माणसासोबत पाठवतो. बाबांचा चष्मा बदलून घे, मागच्या वेळी व्हिडिओवर वचन वाचताना दोनदा अडखळले. बागेला ताण किती दिवसांचा देणार आहेस, आणि बोअरला पाणी कसं आहे? इथे ऊन चढायला लागलंय. सुट्टीचा अर्ज ऑगस्टसाठी टाकला आहे, मंजूर झाला की कळवतो.

वहिनींना सलाम, पोरांना पापे. माय-बाबांना माझा सलाम सांग.

तुझा धाकटा भाऊ