ताम्रपटात आहे ते लिहायचं नाही, तर मग काय लिहायचं?

संपादक महोदय, नमस्कार.

माझी मुलगी इतिहासात एमए करते. प्रोजेक्टला तिनं आमच्याच खानापूर तालुक्यातली (जि. बेळगाव) हलशी घेतली, म्हणजे कदंब या जुन्या राजघराण्याची पलाशिका. भूवराह नरसिंहाच्या देवळात टेप लावून मापं घेतली, मग लायब्ररीत बसून ताम्रपटांची छापील वाचनं वहीत उतरून काढली. त्यात तिला मिळालं की पाचव्या शतकात मृगेशवर्मा राजानं वडिलांसाठी तिथं जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधलं आणि यापनीय, निर्ग्रंथ, कूर्चक या जैन संघांना ३३ निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) जमीन दिली, आणि हे कदंब स्वतः मानव्य गोत्राचे ब्राह्मण. तिचा प्रश्न एवढाच होता की राजा हे श्रद्धेनं देतो, का त्या मुलखातली वजनदार माणसं आपल्याकडं राहावीत म्हणून देतो?

गाईडनी ती पानं वाचली, पेन्सिलनं आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "बाळ, देवळाची बांधणी लिही, आधी कोण नंतर कोण यात पडू नको, दिवस बरे नाहीत." माणूस वाईट नाही हो, घाबरलाय.

आणि भीती उगाच नाही. धारवाड इथनं दीड तासावर. वचनसाहित्य, म्हणजे बसवण्णा आणि इतर शरणांची कन्नड वचनं, आणि शिलालेखांत आयुष्य घातलेल्या कलबुर्गी सरांना ३० ऑगस्ट २०१५ ला त्यांच्या घरीच गोळ्या घातल्या, हंपीच्या कन्नड विद्यापीठाचे माजी कुलगुरू होते ते, आणि १९८९ मध्ये दबावाखाली स्वतःचं संशोधन मागं घ्यायची वेळ त्यांच्यावर आली होती. त्याच २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात पानसरे. हे कानडी-मराठी असं काही नाही, जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेत घुसून पोथ्या-पुस्तकांची नासधूस केली ती आपल्याच लोकांनी. इथं आपण बोर्डावरच्या मराठी अक्षरासाठी केसेस अंगावर घेतो आणि तिकडं अक्षरंच फाडली, याचं दुःख सीमाभागातल्या माणसाला जास्त व्हायला पाहिजे.

भावना दुखावल्या म्हणतात तेव्हा देव बहुतेक लांबच असतो, ट्रस्ट, जमीन नि मतं जवळ असतात, असं मला वाटतं. २०१८ ला लिंगायत स्वतंत्र धर्माचा विषय तापला तो विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, आणि वचनांचा अर्थ अभ्यासकांपेक्षा पुढारीच जास्त सांगत होते. मृगेशवर्म्याच्या बाबतीत मुलगी हेच तर विचारत होती. तिचं चुकलं असेल तर ताम्रपट दाखवून चूक काढा की, तिला ते चालेल. रेघ मारून कसं चालेल?

ती पानं तिनं फाडली नाहीत, वेगळ्या फाईलीत ठेवलीत. तुमच्या रविवारच्या पुरवणीत इथल्या इतिहासाला अर्धं पान द्या, तिच्या विरोधात लिहिणाऱ्याला पुढच्या रविवारी तेवढीच जागा द्या. तुम्ही हो म्हणालात तर झेरॉक्स घेऊन मी स्वतः येतो.

आपला,
एक वाचक, खानापूर