बिलावर लिहा : हातमाग की यंत्रमाग?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई जवळ आली की पैठणीच्या जाहिराती पानभर येऊ लागतात. त्यात 'अस्सल येवला' तीन हजारांतही मिळते! हातमागावर एक साधी पैठणी उतरायला महिना-दीड महिना जातो, पदर भरगच्च असला तर कितीतरी जास्त. नक्षीतल्या रंगारंगाची तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, विणकर हाताने फिरवतो. रेशीम, जरीचा धागा आणि ही मजुरी तीन हजारांत कशी बसते, ते त्या जाहिरातदारालाच ठाऊक.

माझा राग स्वस्त साडीवर नाही, हे आधीच सांगते. माझ्याकडे दोन्ही आहेत. खरी पैठणी सोळा वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नात घेतली. तेव्हापासून चार वेळा नेसले असेन. एरवी ती मलमलीत गुंडाळून कपाटात, आणि अधूनमधून घडी बदलायची आठवण ठेवायची, नाहीतर जरीचा धागा घडीवर तुटतो. यंत्रमागावरची स्वस्त 'सेमी' पैठणी मात्र गौरीला, हळदीकुंकवाला, एसटीच्या प्रवासातसुद्धा खुशाल नेसते. पंगतीत आमटी सांडली तरी जीव खालीवर होत नाही. खरीचा पदर हातात घेतला की तिचा पैसा कळतो, पण त्यासाठी कुणी हप्ते बांधून घ्यावेत असे मला मुळीच वाटत नाही. सेमी ही सेमी म्हणून विकली तर त्यात लाज कसली?

खटकते ते नाव. गेल्या वर्षी भाचीसाठी एका दुकानातून साडेअकरा हजारांना 'हातमागाची' म्हणून पैठणी आणली. घरी जाऊबाईंनी पदर उलटा करून पाहिला आणि काही न बोलता माझ्याकडे सरकवला. मागे कापलेल्या धाग्यांची लव होती. हातमागाच्या पदरावरचा मोर उलट बाजूनेही तसाच स्वच्छ दिसतो, हे मला माहीत होते, फक्त दुकानात आठवले नाही. परत गेले तर उत्तर मिळाले, "काकू, बिलावर 'सिल्क साडी' लिहिलंय. हातमाग कुठं लिहिलंय?" खरेच होते. बिल मी वाचलेच नव्हते.

वर साडीला सिल्क मार्कची चिठ्ठी होती, तिच्यावर मी विसंबले. ती चिठ्ठी रेशीम शुद्ध असल्याचे सांगते. साडी कोणत्या मागावर विणली हे सांगत नाही. शुद्ध रेशीम यंत्रमागावरही विणता येते. हातमागाची खूण वेगळी असते, 'हॅन्डलूम मार्क'ची, आणि ती मागणारे गिऱ्हाईक विरळाच. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हातमागाच्या संरक्षणाचा कायदा तर १९८५ चा आहे. पण काउंटरवर गर्दीत उभ्या असलेल्या बाईच्या हाती यातले काय पडते? एक बिल.

म्हणून मागणी एवढीच, की पैठणीच्या प्रत्येक बिलावर 'हातमाग' किंवा 'यंत्रमाग' आणि रेशीम 'शुद्ध' की 'मिश्र' हे छापणे सक्तीचे करावे. येवल्यात घरच्या मागावर बसणाऱ्याचा माल तेवढ्याने वेगळा ओळखू येईल. आपल्या दैनिकानेही 'अस्सल'ची जाहिरात छापण्यापूर्वी जाहिरातदाराला हेच विचारावे, ही विनंती. तोवर मी खरेदीला जाताना चष्मा विसरत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक