‘गोळ्या बंद करा’ म्हणणारी शिकवण आणि पाळकांचे काम

महोदय,

‘खरा विश्वास असेल तर गोळ्या बंद करा’ असे सांगणारे उपदेश घरगुती प्रार्थनासभांतून आणि मोबाइलवरून मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, शिरतात. आपल्याकडे ही नुसती शास्त्रार्थाची चूक राहत नाही. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यावरचे हायड्रॉक्सियुरिया हे औषध परस्पर सोडले की वेदनेचे झटके पुन्हा बळावतात. क्षयाचे सहा महिन्यांचे उपचार मध्येच सुटले तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात. म्हणून असे काही कानावर येताच पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) आधी आजारी माणसाचे घर गाठावे, शिकवणाऱ्याचे नंतर.

व्यासपीठावरून नाव घेऊन झोडपण्याची घाई करू नये. समोर बसलेल्या रुग्णाला वाटते, आपल्यालाच मूर्ख ठरवले. मग तो त्या उपदेशकाच्याच आणखी जवळ जातो. आधी नेमके शब्द मिळवावेत. छोटी क्लिप पुरत नाही, पूर्ण उपदेश ऐकावा. शिकवणारा मंडळीतलाच वडील (चर्चच्या कारभारातला ज्येष्ठ) असेल, तर दोघा-तिघा साक्षीदारांवाचून त्याच्यावरचा आरोप ऐकू नये, असे प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला बजावलेले आहे (1 तीमथ्य 5:19). त्यानंतर एका अनुभवी वडिलांना सोबत घेऊन खाजगीत भेटावे. बायबलमधल्या प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने अपुल्लो या उपदेशकाला सभास्थानात चारचौघांत अडवले नाही, जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. ज्याची शिकायची तयारी आहे, तो अशाच भेटीत बदलतो.

भेटीत बहुधा ‘विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला वाचवील’ हे याकोब 5:15 पुढे केले जाते. तो उतारा 13 व्या वचनापासून मोठ्याने वाचावा. वडिलांना बोलवा, तेल लावा, प्रार्थना करा, पापे कबूल करा, हे सारे तिथे आहे. औषध सोडा असे कुठेच नाही. मग शांतपणे विचारावे: पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी ठेवले, ते विश्वास कमी पडला म्हणून? तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला का सांगितले? आपला सहकारी लूक याला ‘प्रिय वैद्य’ का म्हटले?

प्रत्येक मतभेदाला खोटी शिकवण ठरवणेही तितकेच घातक. 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा बालबाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केल्यावरचा बाप्तिस्मा, दोन्हींना जागा ठेवली गेली. ख्रिस्त कोण, तारण कशाने, रुग्णाच्या दुखण्याचा दोष कोणावर, इथे मात्र तडजोड नको.

एक गोष्ट पाळकांना स्पष्टच सांगायला हवी. जिथे आजाऱ्यासाठी कोणी घरी येऊन प्रार्थना करत नाही, तिथले लोक बाहेरच्या उपदेशकाकडे जातात. म्हणून पुढचे काही रविवार याकोबाचा पाचवा अध्याय सलग शिकवावा, उपासनेनंतर वडिलांनी रुग्णांसाठी तेल लावून प्रार्थना करावी आणि त्याच वेळी ‘गोळ्या चालू आहेत ना?’ हेही विचारावे. घाबरून उपदेश केला तर मंडळी पाळकांची भीतीच शिकते.

दोनदा बोध करूनही शिकवणारा ऐकत नसेल (तीत 3:10), तर पाळक आणि कमिटीने त्याच्याकडून शिकवण्याचे काम काढून घ्यावे. मंडळीला फक्त निर्णय आणि शास्त्रातले कारण सांगावे, त्याच्या घरच्या गोष्टी नकोत. त्याच्या बायकामुलांच्या भेटी पाळकांनी एक आठवडाही चुकवू नयेत.

– मंडळीतील एक वडील, सदर, नागपूर