चमचा वाजवणाऱ्या आजोबांस

तीर्थस्वरूप आजोबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला मी तोंडावर कधी आजोबा म्हटलं नाही. तुमच्याकडे ऐंशी ओलांडलेल्या माणसालाही नावाने हाक मारतात. ते माझ्या जिभेला शेवटपर्यंत जमलं नाही. म्हणून पाच वर्षं मी तुम्हाला कशानेच हाक मारली नाही, दार उघडलं की सरळ बोलायलाच सुरुवात करायचे. मराठीत लिहिताना ती अडचण नाही, तेव्हा आज म्हणून घेते.

हे पत्र उघडं लिहायचं कारण सांगते. परवा बेळगावात एका वाचनालयात आयर्लंडच्या सशस्त्र लढ्यावर बोलले. संपल्यावर एका काकांनी विचारलं, "हे सगळं कुठल्या पुस्तकातलं?" मी म्हटलं, डब्लिनमधल्या एका निवृत्त बस ड्रायव्हरच्या स्वयंपाकघरातलं. लोक हसले. पण ते खरंच होतं, आणि तुमचे आभार कुणासमोर मानायचे राहून गेलेत हे तेव्हा जाणवलं.

2019 चा उन्हाळा आठवतो? फिब्सबरोतल्या त्या गल्लीत दोन दारं सोडून मी राहायचे. तोवर आपली ओळख म्हणजे कुठल्या रंगाचा कचऱ्याचा डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, एवढीच. मी एका दिवाळी अंकासाठी 'आयर्लंडचे क्रांतिवीर' नावाचा लेख लिहीत होते. दोन रात्रींत बारा पानं. सगळे नायक, सगळे हुतात्मे, प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी उद्गारचिन्ह. तुम्ही म्हणालात, वाचून दाखव. मराठी कसं कळणार, तर जमेल तसं इंग्रजीत सांग. मी कुंदा घेऊन आले, तुम्ही चहा केलात, आणि मी सांगायला लागले. जिथे चूक, तिथे तुम्ही काही न बोलता चमचा कपावर वाजवायचात. टिंग. पहिल्या दिवशी मी दीड पानापुढे गेलेच नाही.

पहिली टिंग आली ती "1916 च्या ईस्टरला डब्लिनची जनता पेटून उठली" या वाक्यावर. जनता नव्हती, तुम्ही म्हणालात. 24 एप्रिलच्या सोमवारी मुख्य टपाल कचेरीसमोर पॅट्रिक पिअर्सने प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला, तेव्हा ऐकणारे थोडेच होते. आदल्या दिवशी आयरिश स्वयंसेवक दलाचे प्रमुख ओइन मॅकनील यांनीच सगळे संचलन रद्द केल्याचं वर्तमानपत्रात छापून आणलं होतं, म्हणून येणारेही कित्येक आले नाहीत. शनिवारी शरणागती. कैद्यांना गल्ल्यांतून नेलं तेव्हा बऱ्याच ठिकाणी बायकांनी त्यांना शिव्या घातल्या, कारण कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा ब्रिटिश फौजेत फ्रान्सच्या खंदकात होता आणि घर त्या भत्त्यावर चालत होतं. त्या आठवड्यात सुमारे 485 माणसं मेली. निम्म्याहून जास्त साधे नागरिक, त्यांत जवळपास 40 मुलं. माझ्या बारा पानांत यातलं एकही मूल नव्हतं.

मग वारं फिरलं कसं? 3 ते 12 मे. किल्मनहॅम तुरुंगाच्या दगड फोडायच्या अंगणात बंडाच्या पुढाऱ्यांपैकी एकेकाला गोळ्या घातल्या गेल्या. एकदम नाही, थांबून थांबून. डब्लिनने पुन्हा पुन्हा सकाळी उठून नवी नावं वाचली. जेम्स कॉनोलीला पायाच्या जखमेने उभं राहता येईना, तर खुर्चीला बांधून मारलं. तुम्ही मला तिथे घेऊन गेलात, तुमच्या फुकट प्रवासाच्या पासाची फुशारकी मारत, आणि अंगणाच्या दोन टोकांचे दोन क्रूस दाखवलेत. एका टोकाला कॉनोली, कारण त्याला आत लांबवर नेणं शक्य नव्हतं. जोसेफ प्लंकेटने मृत्यूच्या काही तास आधी तुरुंगाच्या प्रार्थनाघरात ग्रेस गिफर्डशी लग्न केलं, यावर मी अख्खं पान खर्च केलं होतं. ते अतिच गोड झालं होतं हे आता कळतं. पण त्या पानावर चमचा वाजला नाही. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

आणि मग माझ्याकडून तुम्हाला एक गोष्ट सांगायची संधी आली. 28 एप्रिल 1916, शुक्रवार. टपाल कचेरी पेटलेली, बंडखोर ती सोडून मूर स्ट्रीटच्या घरांत भिंती फोडत शिरतायत. त्याच दिवशी आमच्या बेळगावात टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. मी टिळकवाडीची, तिसऱ्या रेल्वे गेटापासून आमचं घर पाच मिनिटांवर, तेव्हा हे मी जरा तोऱ्यातच सांगितलं. तुम्ही चमचा खाली ठेवलात आणि इतके हसलात की ठसका लागला. होमरूल? तो तर आमच्या पार्लमेंटवाल्यांचा शब्द! 1914 मध्ये कायदा झाला, महायुद्धाच्या नावाखाली गुंडाळून ठेवला, आणि पिअर्सची माणसं नेमका तोच शब्द खिडकीतून बाहेर फेकत होती. "आम्ही टाकलेला कोट तुम्ही त्याच दिवशी अंगात घातलात," असं तुम्ही म्हणालात. होमरूलवर शाळेत निबंध लिहिलाय मी, आजोबा. हे एका वाक्यातही कुणी सांगितलं नव्हतं.

जालंधरचंही तसंच. जून 1920 मध्ये कनॉट रेंजर्स पलटणीतल्या आयरिश शिपायांनी, मायदेशात इंग्रज फौजा काय करतायत हे ऐकून, पंजाबात बंदुका खाली ठेवल्या. जेम्स डॅली नावाच्या तरुणाला त्याबद्दल 2 नोव्हेंबरला डगशाईत गोळ्या घातल्या, आणि त्याचे अवशेष आयर्लंडला परत जायला 1970 साल उजाडलं. शिमल्याच्या सहलीत मी डगशाईच्या फाट्यावरून गेले आहे. फाट्यावर मॅगी खाल्ली होती.

दुसरी टिंग 'आयआरए', म्हणजे आयरिश रिपब्लिकन आर्मी, या शब्दावर. "कुठली?" मला वाटायचं ती एकच संघटना, 1919 पासून चालत आलेली. त्या दुपारी तुम्ही टेबलावर साखरेचे चौकोन मांडलेत. इंग्रजांशी लढलेली पहिली. मग इंग्रजांशी झालेल्या 1921 च्या तहावरून फुटलेली. मग 1969 मध्ये पुन्हा फुटलेली, एक ऑफिशियल, एक प्रोव्हिजनल. मग 1997 मध्ये युद्धबंदी न मानता वेगळे झालेले रियल. प्रत्येक जण म्हणणार, खरी प्रजासत्ताकाची फौज आम्हीच. शेवटचा चौकोन तुम्ही चहात टाकलात.

तहाचं मला पटकन कळलं, कारण आमच्याकडे तह म्हटलं की पुरंदर आठवतो. मोठं राखायला आज थोडं सोडायचं. तो तह करून आलेल्या मायकेल कॉलिन्सचा हिशेबही तोच होता: पूर्ण प्रजासत्ताक नाही, उत्तरेचे सहा जिल्हे ब्रिटनकडेच, पण बाकीच्या देशात आपलं राज्य. 7 जानेवारी 1922 ला डॉलमध्ये, म्हणजे तुमच्या लोकसभेत, तो तह 64 विरुद्ध 57 मतांनी मंजूर झाला. सात मतं! जूनमध्ये भाऊबंदकीची लढाई सुरू झाली. 22 ऑगस्टला कॉलिन्स बेल ना ब्लाच्या वळणावर स्वतःच्याच कॉर्क जिल्ह्यात मारला गेला, वय 31. डिसेंबरमध्ये नव्या सरकारने तहाविरुद्ध लढलेल्या रोरी ओकॉनरला गोळ्या घातल्या. मंजुरी देणाऱ्या मंत्र्यांत केव्हिन ओहिगिन्स होता, ज्याच्या लग्नात वर्षापूर्वी हाच ओकॉनर करवला होता. 1927 मध्ये ओहिगिन्सही रस्त्यात मारला गेला. इंग्रजांनी 1916 मध्ये दिले त्यापेक्षा कितीतरी जास्त मृत्युदंड स्वतंत्र आयरिश सरकारने आयरिश माणसांना दिले, सत्त्याहत्तर तरी. हा आकडा तुम्ही सांगितलात, आणि मग सांगितलंत की तुमचे दोन काका एकाच गावात राहून चाळीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. आईच्या मयतालाही एक पुढच्या दाराने आला आणि एक मागच्या.

माझा लेख 1923 वरून थेट 1981 वर उडी मारत होता. उपोषणांवर माझं फार प्रेम. कॉर्कचा महापौर टेरेन्स मॅकस्विनी, ब्रिक्स्टन तुरुंगात 74 दिवस. लाहोरला जतीन दास, 63 दिवस, आणि मॅकस्विनीच्या कुटुंबाने पाठवलेली शोकाची तार. मग 1981 मध्ये आयआरएचा कैदी बॉबी सँड्स, 66 दिवस, उपाशी असतानाच तीस हजारांवर मतं घेऊन खासदार झालेला. त्याच्यामागे आणखी नऊ जण गेले. साखळी सुरेख जुळली होती. तुम्ही शांतपणे विचारलंत, "आणि मधली पन्नास वर्षं उत्तरेत काय चाललं होतं?" मला काही सांगता आलं नाही. घरांच्या वाटपात, नोकऱ्यांत, मतदारसंघांच्या आखणीत कॅथलिकांना कसं दाबलं गेलं, 1968 चे मोर्चे साध्या नागरी हक्कांसाठी कसे निघाले, 30 जानेवारी 1972 ला डेरीत ब्रिटिश लष्कराने मोर्चावर गोळीबार करून तेरा माणसं जागीच मारली आणि त्यानंतर प्रोव्हिजनलकडे पोरांची रांग कशी लागली, हे सगळं तुम्ही एका बैठकीत सांगितलंत. पण त्याच बैठकीत, दम न घेता, त्याच वर्षीच्या 21 जुलैचं बेलफास्टही सांगितलंत, दुपारभरात आयआरएने फोडलेले वीसेक बॉम्ब आणि नऊ मृत. आणि डिसेंबरमधली जीन मॅकॉन्व्हिल. दहा मुलांची विधवा आई. खबऱ्या म्हणून आयआरएने घरातून उचलून नेली. प्रेत 2003 मध्ये समुद्रकिनाऱ्यावर सापडलं. मुलांना कितीतरी वर्षं कुणी काही सांगितलं नाही.

माउंटबॅटनवर माझी एकच ओळ होती. 27 ऑगस्ट 1979, हिंदुस्थानचा शेवटचा व्हाइसरॉय आयर्लंडच्या किनाऱ्यावर मलामोरला बोटीत आयआरएच्या बॉम्बने ठार. टिंग. "बोटीत आणखी कोण होतं?" त्याचा चौदा वर्षांचा नातू होता. पंधरा वर्षांचा, उत्तरेतल्या एनिस्किलनचा एक मुलगा होता, सुट्टीत बोट चालवायला ठेवलेला. 83 वर्षांची एक बाई, ती दुसऱ्या दिवशी गेली. आमच्या देशाने माउंटबॅटनसाठी सरकारी दुखवटा पाळला होता. त्या बोट चालवणाऱ्या पोराचं भारतात कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

शिन फेन पक्षाच्या जेरी अॅडम्सला मी आयआरएचा नेता लिहिलं होतं. तिथे दोनदा टिंग. "तो म्हणतो, मी कधी सदस्य नव्हतो. लोक काय म्हणतात तेही लिही, पण तो काय म्हणतो ते आधी लिही." त्याच पक्षाच्या मार्टिन मॅकगिनेसचं तसं नाही, त्याने आयआरएमधलं डेरीतलं आपलं पद चौकशीत कबूल केलं, आणि 2007 मध्ये कट्टर ब्रिटनवादी नेते इयन पेस्लींच्या शेजारी बसून उत्तरेचं सरकार चालवलं. जो माणूस वर्षानुवर्षं त्याच्या पक्षाविरुद्ध गर्जत आला, त्याच्याशेजारी! दोघांचे हसतानाचे फोटो तुम्ही फ्रिजवर लावले होते, राजकारण म्हणून नव्हे, दोघांच्या चेहऱ्याची गंमत वाटते म्हणून.

आता 17 मे 1974.

हे तुम्ही एकदाच बोललात, ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत, बाकावर. शुक्रवार होता. डब्लिनच्या बसचा संप चालू होता आणि तुम्ही संपावर होतात. संध्याकाळी साडेपाचला ऑफिसं सुटली. बस नव्हत्या म्हणून माणसं पायी निघाली, रस्ते नेहमीपेक्षा भरलेले. पार्नेल स्ट्रीट, टॅलबट स्ट्रीट, साउथ लेन्स्टर स्ट्रीट. बॉम्ब ठेवलेल्या तीन मोटारी काही मिनिटांच्या आत फुटल्या, आणि नंतर सीमेजवळच्या मोनाहन गावात चौथी. 33 माणसं आणि एक न जन्मलेलं मूल. उत्तरेवरून चाललेल्या हिंसाचाराच्या सगळ्या तीस वर्षांत एका दिवसात एवढी माणसं कधी मेली नाहीत. हे आयआरएने केलं नव्हतं. ब्रिटनशी जोडून राहू पाहणाऱ्या, उत्तरेतल्या युनियनवाद्यांच्या यूव्हीएफ या सशस्त्र संघटनेने 1993 मध्ये कबूल केलं, शिक्षा आजवर कुणालाही नाही. तुम्ही एवढंच म्हणालात की पगारवाढ मिळाली होती त्या संपात की नाही, हे आठवत नाही.

मी काहीच बोलले नाही. त्याबद्दल तुम्ही मला नंतर रागावला नाहीत, त्याचेही आभार.

त्या बाकावरून एक भिंत दिसायची. 2016 मध्ये उभारलेली, 1916 च्या सगळ्या मृतांची नावं एकत्र कोरलेली. बंडखोर, नागरिक, इंग्रज शिपाई, सगळे मृत्यूच्या तारखेप्रमाणे. तिच्यावर रंग फेकला गेला, पुढे हातोडे पडले, आणि 2022 मध्ये ती नावं काढायचं ठरलं. त्याच आवारात कॉलिन्सच्या थडग्यावर रोज ताजी फुलं आणि थोड्या अंतरावर त्याच्या तहाला विरोध करणारा डी व्हॅलेरा. ते दोघे शेजारी चालतात, पण त्या भिंतीवर शिपायाचं नाव चालत नाही. मी विचारलं, मग तुम्ही कुठल्या बाजूचे? तुम्ही म्हणालात, पाऊस येतोय, चल.

लेख शेवटी त्या दिवाळीला छापून आला नाही. बारा पानांची तीस झाली आणि संपादकांना क्रांतिवीरच हवे होते. पण वाचनालयात मी जे बोलले ते त्या तीस पानांतलं. तासाभरात कुणी उठून गेलं नाही. एक मुलगी पुढे येऊन म्हणाली, त्या चाळीस मुलांबद्दल अजून सांगा.

तेव्हा आभार, आजोबा. चहाचे, पासाचे, किल्मनहॅमच्या थंडीत गळ्यात घातलेल्या मफलरचे, जो अजून माझ्याकडेच आहे. आणि प्रत्येक टिंगचे.

एक राहिलं. बोलताना मी शेवटी आमच्या सीमाभागाबद्दल एक ओळ घातली. सत्तर वर्षं होत आली, नकाशावरची रेघ आमच्या घरातल्या जेवणाच्या बोलण्यातून गेलेली नाही. आमच्याकडे तुमच्यासारखा बंदुकांचा इतिहास नाही, आणि मी तशी तुलना केलीही नाही, फक्त एवढंच म्हटलं की रेघेच्या कडेला वाढलेल्या पोरीला तुमच्या उत्तरेचं काहीतरी आधीच ठाऊक असतं. सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला हल्ली शंका येते.

रविवारी फोन करते. हे पत्र आधीसारखंच इंग्रजीत सांगेन. कप भरून ठेवा, चमचा हाताशी असू द्या, आणि त्या ओळीपाशी आल्यावर मी जरा थांबेन.

तुमची,
दोन दारं सोडून राहणारी